एनएस-झिरो

स्क्रिप्ट संपली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तीनशे बारा वर्डच्या फाइल्स, प्रत्येकीत एका विभागाचं जुनं नाव काढून नवं घालायचं. हाताने करायचं तर दोन-तीन दिवस गेले असते. मी पायथॉनच्या चाळीसेक ओळींत उरकलं आणि झोपायला गेले. थोडा माजही होता. सकाळी पहिली फाइल उघडली तर वर्ड म्हणालं, यातला मजकूर वाचता येत नाही. दुसरी उघडली, तेच. तिसरी उघडलीच नाही. मूळ फाइल्सची प्रत कुठे ठेवलीय ते शोधायला लागले.

प्रत होती, म्हणून हा लेख आहे. नसती तर राजीनामा लिहिला असता.

वर्डची डॉक्सएक्स फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते. ती सोडवली की आत फोल्डर्स निघतात आणि त्यातल्या एकात ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल, म्हणजे टॅग नावाच्या खुणांमध्ये गुंफलेला मजकूर. मुख्य मजकूर तिच्यात. एका बाजूला मूळ फाइल उघडली, दुसऱ्या बाजूला माझी. मूळ फाइलीत परिच्छेदाचा टॅग होता ‘डब्ल्यू:पी’. माझ्या फाइलीत तोच झाला होता ‘एनएस०:पी’. ‘डब्ल्यू:टी’चा ‘एनएस०:टी’. वरपासून खालपर्यंत एनएस०, मधेमधे एनएस१ आणि एनएस२. एखाद्या इमारतीतल्या सगळ्या दारांवरच्या पाट्या रातोरात उतरवून कुणी खडूने आकडे टाकून जावं, तसं. आणि या सगळ्याच्या मधोमध माझं नवं नाव, जिथे हवं तिथे, काना-मात्रेसकट बरोबर.

मी एक शब्द बदलला होता. बाकीचं सगळं स्क्रिप्टने वापरलेल्या लायब्ररीने, म्हणजे एक्सएमएल वाचण्या-लिहिण्याच्या तयार कोडने, बदललं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दाखवलं. तो माझ्या कितीतरी आधीपासून या कामात आहे, आणि एक्सएमएलचं नाव काढलं की त्याचा चेहरा जुन्या दुखण्याची आठवण झाल्यासारखा होतो. त्याने दोन्ही फाइल्स वरवर चाळल्या आणि म्हणाला, “अगं, फाइल बरोबर आहे की तुझी.”

“उघडत नाहीये.”

“ते वेगळं. स्पेकप्रमाणे बरोबर आहे.”

स्पेक म्हणजे एक्सएमएलचे लिखित नियम. त्या क्षणी मला त्याचा राग आला होता. पण तो खरं बोलत होता, आणि त्याच्या या दोन वाक्यांमधली फट समजून घेण्यात माझा पुढचा आठवडा गेला.

मराठीत ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सरकारला भरायचा तो, आणि ‘हे काम कर’ यातला ‘कर’ तिसराच. बोलताना आपला घोटाळा होत नाही, कारण आजूबाजूचं वाक्य सांभाळून घेतं. यंत्राला आजूबाजूचं वाक्य कळत नाही. एका एसव्हीजी चित्राच्या फाइलीत (तीही एक्सएमएलच) ‘टायटल’ नावाचा एक टॅग चित्राचा असतो, आणि त्याच फाइलीच्या माहितीच्या भागात डब्लिन कोअर या पद्धतीचा आणखी एक ‘टायटल’ असू शकतो. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममधून सेव्ह केलेल्या चित्रात हे दोघे सुखाने नांदताना दिसतात. पहिला कुठला आणि दुसरा कुठला हे सांगण्यासाठी नेमस्पेस आलं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची एक्सएमएलसाठीची पहिली शिफारस फेब्रुवारी १९९८ची, नेमस्पेसची जानेवारी १९९९ची. म्हणजे घर बांधून लोक राहायला आले आणि अकरा महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की दोन बिऱ्हाडांची नावं एकच आहेत. हे उशिरा येणं अजून जाणवतं. जावा भाषेतली एक्सएमएल डॉक्युमेंट उघडणारी जुनी सोय (तिला फॅक्टरी म्हणतात) आजही, आपण मुद्दाम सांगितलं नाही तर, नेमस्पेसकडे ढुंकून बघत नाही. तिच्या लेखी मधला कोलन हे नावातलंच एक अक्षर.

नेमस्पेसचा नियम तसा सोपा आहे. टॅगचं खरं नाव दोन भागांचं: एक लांबलचक यूआरआय (वेबच्या पत्त्यासारखी दिसणारी ओळख) आणि एक स्थानिक नाव. दर टॅगला तो अख्खा यूआरआय लिहायचा तर फाइल फुगेल, म्हणून वर एकदा जाहीर करायचं की या फाइलीत ‘डब्ल्यू’ म्हणजे अमुक यूआरआय, आणि पुढे ‘डब्ल्यू:पी’ एवढंच लिहायचं. कोलनच्या आधीचा हा ‘डब्ल्यू’, म्हणजे प्रिफिक्स, हे फक्त हाक मारायचं नाव. घरात कुणी बाळू म्हणो, कुणी बंड्या म्हणो, कागदोपत्री नाव एकच. जेम्स क्लार्क यांनी १९९९मध्येच हे समजावताना महिरपी कंसात यूआरआय आणि त्याला चिकटून स्थानिक नाव अशी लिहायची रीत वापरली. फ्रेड्रिक लुंड यांच्या एलिमेंटट्रीने तीच उचलली, आणि २००६च्या पायथॉन २.५पासून ती लायब्ररी पायथॉनच्या सोबतच येते.

माझी स्क्रिप्ट याच एलिमेंटट्रीवर होती. ती फाइल वाचते तेव्हा प्रिफिक्स टाकून देते आणि खरं नाव तेवढं ठेवते. सेव्ह करायची वेळ आली की प्रिफिक्स नव्याने पाडते: एनएस०, एनएस१, एनएस२. स्पेक म्हणतं प्रिफिक्सला स्वतःचा अर्थ नाही, मग ते जपायचं कशाला? तर्क बिनतोड आहे. बाळूचा बंड्या झाला तरी माणूस तोच.

मग वर्ड का रुसलं?

उत्तर फाइलीच्या पहिल्याच टॅगवर होतं, आणि मी ते चार वेळा वाचून पुढे गेले होते. मूळ टॅगवर वीसेक प्रिफिक्स जाहीर केलेले होते आणि शेवटी एक ॲट्रिब्यूट (टॅगला जोडलेली नाव आणि किंमत अशी जोडी) होतं, ‘इग्नोरेबल’. त्याची किंमत: ‘डब्ल्यू१४ डब्ल्यूपी१४’. अर्थ असा की या दोन प्रिफिक्सांखालचं जे काही असेल ते नव्या आवृत्तीसाठीचं आहे. जुन्या वर्डला कळलं नाही तर त्याने खुशाल दुर्लक्ष करावं. चांगली सोय आहे. फक्त इथे प्रिफिक्स टॅगच्या नावात नाहीये, ॲट्रिब्यूटच्या किमतीत आहे. अवतरणचिन्हांच्या आत. आणि अवतरणचिन्हांच्या आत जे असतं ते एक्सएमएल वाचणाऱ्या कुठल्याही लायब्ररीच्या लेखी नुसतं अक्षरांचं गाठोडं. एलिमेंटट्रीने सगळ्या पाट्या बदलल्या, पण आतल्या चिठ्ठीवर ‘बाळूकडे लक्ष देऊ नका’ असं लिहिलेलं तसंच राहिलं. वर्डने बाळू कोण ते शोधलं. त्या नावाचं कुणी जाहीरच केलेलं नव्हतं. त्याने फाइल परत केली, आणि त्याच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं.

म्हणजे प्रिफिक्सला अर्थ नाही हे टॅगच्या नावापुरतं खरं. स्कीमामध्ये (फाइलीची रचना ठरवणारे नियम), एक्सएसएलटीमध्ये (एक्सएमएलचं रूपांतर करायची भाषा), ‘एक्सएसआय:टाइप’ या ॲट्रिब्यूटच्या किमतीत, सगळीकडे प्रिफिक्स मजकुरात शिरलेलं आहे. जिथे ते मजकुरात शिरलं तिथे त्याला अर्थ आला.

हे फक्त माझ्यासारखीलाच उशिरा कळलं असं नाही, हे वाचून थोडं बरं वाटलं. २००१मध्ये कॅनॉनिकल एक्सएमएलची शिफारस आली. दोन फाइल्स ‘एकच’ आहेत का हे ठरवण्यासाठी त्यांना एका ठरावीक साच्यात बसवायचं, डिजिटल सहीसाठी वगैरे. तिथे सहज सुचणारी कल्पना हीच: प्रिफिक्स बेभरवशाचे आहेत ना, मग साच्यात घालताना ते सगळे एका पद्धतीने बदलून टाकू. शिफारशीत या कल्पनेसाठी वेगळा भाग आहे आणि तिथे ती नाकारलेली आहे. कारण तेच: किमतीत दडलेला प्रिफिक्स बदलायचा राहून जाईल आणि फाइलचा अर्थ मोडेल. पुढे २०१३च्या २.० आवृत्तीत प्रिफिक्स बदलायचा पर्याय आला, पण मग कुठल्या टॅगच्या आणि ॲट्रिब्यूटच्या पोटात प्रिफिक्स आहेत ते आपण सांगायचं. मी जे एका रात्री बेफिकिरीने करून बसले होते, ते करायचं नाही असं एका समितीने विचारपूर्वक लिहून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या प्रयत्नाची कहाणी जास्त लाजिरवाणी आहे, कारण तेव्हा मला सगळं कळलंय असं वाटत होतं. एलिमेंटट्रीत प्रिफिक्सची नोंदणी करता येते: हा यूआरआय आला की ‘डब्ल्यू’च लिही, एनएस० नको. मूळ फाइल एकदा वाचून तिच्यात जाहीर झालेले सगळे प्रिफिक्स गोळा केले आणि एकेक करून नोंदवले. (ही नोंदणी सगळ्या प्रोग्रॅमभर लागू होते, त्या एका फाइलीपुरती नाही, हे वेगळंच. आणि ‘एनएस’पुढे आकडा असलेलं नाव नोंदवायला गेलात तर ते राखीव आहे म्हणून अंगावर येते. मी करून पाहिलं. का ते विचारू नका.) सेव्ह केलं. आता ‘डब्ल्यू:पी’ दिसत होतं. पाट्या परत आपल्या जागी. आनंदाने वर्ड उघडलं.

मजकूर वाचता येत नाही.

यावेळी कळायला वेळ लागला नाही. एलिमेंटट्री वरच्या टॅगवर फक्त तेच प्रिफिक्स जाहीर करते जे कुठल्या ना कुठल्या टॅगच्या किंवा ॲट्रिब्यूटच्या नावात वापरलेले आहेत. मूळ फाइलीतल्या वीसेक प्रिफिक्सांपैकी माझ्या फाइलीत पाच उरले होते. ‘डब्ल्यूपी१४’चा एकही टॅग त्या फाइलीत नव्हता, म्हणून त्याची घोषणा गळली, ‘इग्नोरेबल’मध्ये मात्र नाव तसंच. लायब्ररीला ती घोषणा अडगळ वाटली. कुणाच्या घरात जाऊन ‘हे तुम्ही वापरत नाही’ म्हणून वस्तू बाहेर टाकणारा पाहुणा जसा.

त्या संध्याकाळी मी शेवटचा उपाय म्हणून एक्सएमएलला एक्सएमएल मानायचंच सोडून दिलं आणि सरळ मजकुरातला शब्द शोधून बदलायला निघाले. तेही फसलं, पण नेमस्पेसमुळे नाही. वर्डने ते विभागाचं नाव बऱ्याच फाइल्समध्ये तीन तुकड्यांत साठवलं होतं, तीन वेगळ्या टॅगांत, कारण कुणीतरी कधीतरी मधलंच एक अक्षर दुरुस्त केलं होतं. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मला सभ्य भाषेत लिहिता येणार नाही.

एवढं सगळं होईपर्यंत नेमस्पेसशी माझा संबंध फक्त वाचण्यापुरता होता, आणि वाचताना मी त्याला नेहमी उडवून लावत आले होते. कोडमध्ये ‘आयटम’ शोधला, काही मिळालं नाही, मग आठवलं की वर डीफॉल्ट नेमस्पेस (प्रिफिक्स नसलेल्या टॅगांना आपोआप लागू होणारं) आहे, मग महिरपी कंस चिकटवला, मिळालं, पुढे. किंवा एक्सपाथमध्ये (एक्सएमएलमधले टॅग शोधायची भाषा) ‘लोकल-नेम’ वापरून नेमस्पेसला बगल दिली. एक्सपाथ १.० मध्ये प्रिफिक्स नसलेलं नाव म्हणजे ‘नेमस्पेस नसलेला टॅग’, फाइलीत डीफॉल्ट काहीही असो. त्यामुळे डोळ्यांना समोर दिसणारा टॅग कोडला दिसत नाही. हा ठेच लागून शिकायचा धडा आहे आणि प्रत्येकाला एकदा लागतेच.

यातलं वाईट काय, तर ठेच लागल्याचं कळत नाही. पायथॉनमध्ये एकच टॅग शोधला तर निदान ‘नन’ (म्हणजे ‘काही नाही’) हातात येतं आणि पुढच्या ओळीला स्क्रिप्ट कोसळते. सगळे शोधायला सांगितले तर रिकामी यादी येते. रिकाम्या यादीवरून लूप शून्य वेळा फिरतो, कुठेही तक्रार न करता, आणि शेवटी ‘काम पूर्ण’. माझी एक छोटी स्क्रिप्ट जीपीएक्स फाइल्समधून (जीपीएसने नोंदवलेल्या वाटेच्या एक्सएमएल फाइल्स) चालण्याचं अंतर काढायची. एके दिवशी एका जुन्या उपकरणातल्या फाइल्स दिल्या आणि सगळ्यांचं अंतर शून्य किलोमीटर निघालं. मी बॅटरीला दोष दिला, सॅटेलाइटला दिला. फाइल्स जीपीएक्स १.० च्या होत्या. माझ्या कोडमध्ये १.१ चा यूआरआय होता. शेवटच्या एका आकड्याचा फरक. बिंदू सगळे जागच्या जागी होते, टॅगचं स्थानिक नावही तेच. पायथॉन ३.८ पासून महिरपी कंसात नुसती फुली टाकून ‘कुठलंही नेमस्पेस चालेल’ असं म्हणता येतं, आणि नुसतं वाचायचं असेल तर मी आता ते निर्लज्जपणे वापरते. सेव्ह करणाऱ्या कोडमध्ये मात्र नाही.

कारण तो यूआरआय म्हणजे पत्ता नाही, नाव आहे. एचटीटीपीने सुरू होतो म्हणून पत्त्यासारखा दिसतो एवढंच. ही पहिल्या दिवसापासूनची चूक म्हणा किंवा धूर्तपणा. मी चूक म्हणेन. जी गोष्ट उघडायची नाही तिला दाराचा आकार कशाला द्यायचा? तुलना अक्षराला अक्षर लावून होते. मोठ्या लिपीतलं एक अक्षर बदललं, शेवटी एक तिरकी रेघ जास्त पडली, की नाव वेगळं. मागे एका प्रकल्पात कुणीतरी सुरक्षिततेच्या उत्साहात सगळ्या कोडमधले ‘एचटीटीपी’ एकगठ्ठा ‘एचटीटीपीएस’ करून टाकले. चित्रांच्या फाइल्समधलं एसव्हीजीचं नेमस्पेसही त्यात सापडलं आणि चित्रं दिसेनाशी झाली. आणि उलट बाजूला, जे प्रोग्रॅम या यूआरआयना खरोखर पत्ते समजून त्यांच्या दारात जाऊन उभे राहतात त्यांचा त्रास वेगळा. २००८मध्ये डब्ल्यूथ्रीसीने जाहीरपणे लिहिलं होतं की डीटीडी (फाइलीची रचना सांगायची जुनी पद्धत) आणि स्कीमासारख्या, बहुतेकदा कुणी मागायची गरजच नसलेल्या फाइल्ससाठी त्यांच्या सर्व्हरवर दिवसाला तेरा कोटींपर्यंत मागण्या येतात.

ब्राउझरमध्ये हा प्रकार सर्वांत छळवादी होतो. जावास्क्रिप्टने एसव्हीजीत ‘सर्कल’ घालायचा असेल आणि आपण नेहमीचं ‘क्रिएट-एलिमेंट’ वापरलं, तर वर्तुळ दिसत नाही. तपासणीच्या खिडकीत बघावं तर टॅग तिथे आहे, त्रिज्या आहे, रंग आहे, शेजारच्या दिसणाऱ्या वर्तुळाशी अक्षरशः जुळतं. पण हा ‘सर्कल’ एचटीएमएलच्या नेमस्पेसमध्ये जन्मलेला असतो आणि एचटीएमएलमध्ये ‘सर्कल’ नावाचं काही नाही. ‘क्रिएट-एलिमेंट-एनएस’ वापरून जन्म योग्य घरात द्यावा लागतो. नुसतं नंतर एसव्हीजीच्या आत नेऊन ठेवल्याने तो एसव्हीजीचा होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये हीच चूक केली तर निदान पुरावा राहतो: सेव्ह झालेल्या फाइलीत नव्या टॅगवर रिकामं ‘एक्सएमएलएनएस’ (नेमस्पेस जाहीर करायची जागा) लटकलेलं दिसतं. पुष्कळ लोक ते मजकुरातून खोडून टाकतात. खोडल्यावर चालतंही. पण तो रिकामा शेरा म्हणजे लायब्ररी सांगत असते की बाई, हा टॅग तू बेवारस जन्माला घातलास.

ॲट्रिब्यूटचा नियम आणखी निराळा, डीफॉल्ट नेमस्पेस त्यांना लागूच होत नाही. एसव्हीजीमधल्या ‘विड्थ’ला नेमस्पेस नाही. यामागे काही कारण असेल, मी फक्त पाठ करून टाकलं.

शेवटी स्क्रिप्ट एलएक्सएमएलवर नेली. ती लायब्ररी मूळ प्रिफिक्स आणि न वापरलेल्या घोषणासुद्धा जशाच्या तशा धरून ठेवते. साफसफाई हवी असेल तर तुम्ही वेगळी मागायची. पण यावेळी नाव बदलायच्या ओळी आधी काढून टाकल्या. फक्त वाचायचं आणि काहीही न बदलता सेव्ह करायचं, मग आधीच्या आणि नंतरच्या फाइलची तुलना. सहकारी मागून बघत होता. “हे आधी करायचं असतं,” तो म्हणाला. आवाजात उपदेश नव्हता. त्याच्याही गाठीशी एखादी रात्र असणार.

एका फाइलीवर चालवलं. वीसेक घोषणा जागेवर. ‘इग्नोरेबल’ जागेवर, त्यात उल्लेख असलेले दोन्ही प्रिफिक्स जाहीर. तुलनेत फक्त पहिली ओळ वेगळी आली: मूळ फाइलीत आवृत्ती, एन्कोडिंग आणि ‘स्टँडअलोन’ यांच्या किमती दुहेरी अवतरणचिन्हांत होत्या, माझ्या फाइलीत एकेरी. तीन जोड्या, सहा चिन्हं. एक्सएमएलला दोन्ही सारखंच. वर्डने ती फाइल विनातक्रार उघडली.

तीनशे बारा फाइल्स चालवायच्या आधी मी ती पहिली ओळ हाताने, दुहेरी अवतरणचिन्हांसकट, कोडमध्ये लिहिली आणि लायब्ररीला फक्त उरलेलं लिहायला सांगितलं. सहकारी म्हणाला, याची काही गरज नाही. मला माहीत होतं.